न धुतलेली मोटार

थंडीत सकाळी कुणी दारात मोटार धुताना दिसलं की माझं डोकं अजून तडकतं. आमचा नातू रबरी नळी घेऊन उभा राहतो, एका हातानं पाणी मारतो आणि दुसऱ्या हातानं दात घासतो. बघता बघता मोटार धुऊन मोकळा. वर मला विचारतो, "आजी, चकाचक झाली ना?" मी काय बोलणार? मोटार धुणं म्हणजे काय, हे मी इंदापुरात परसाच्या भिंतीवरून पाहिलेलं आहे. आणि मोटार न धुणं म्हणजे काय, तेही तिथंच पाहिलं. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचा राग माझ्या मनातून इतक्या वर्षांत गेला नाही, आणि आता या वयात तो जाईल असं मला वाटतही नाही.

सन तीसनंतरची ती वर्षं. मी कन्हेरीची. बारामतीला मावशीकडे राहून मराठी सातवी झालेली, आणि मग लग्न होऊन इंदापुरात आलेली. माझ्या सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सगळी गल्ली आबा म्हणायची. आबा म्हणतील तसं गल्लीनं चालायचं, असा रिवाज होता. कुणाच्या घरी जेवायचं, कुणाच्या नाही, कुणाच्या लग्नाला अक्षता घेऊन जायचं आणि कुणाच्या लग्नाच्या दिवशी नेमकं डोकं दुखायचं, सगळं आमच्या ओट्यावर ठरे. आमच्या परसाला लागून तात्यांचं परस. मध्ये छातीएवढी भिंत. त्या भिंतीवर मी गोवऱ्या रचायची, म्हणून मला तिथं उभं राहायला कुणी हरकत घेत नसे.

तात्यांना राग यायचा असं म्हणणं चुकीचं होईल. राग त्यांच्याकडे वस्तीलाच होता. माणूस उंच, जरा पोक आलेला, भुवया जाड, आणि आवाज असा की त्यांनी परसात हाक मारली की आमच्या गोठ्यातल्या म्हशी मान वर करायच्या. चहा गार झाला की राग, चहा गरम असला की राग. मुलंबाळं नव्हती. घरात ते आणि यमुनाकाकू, आणि परसात छपराखाली ती मोटार.

मोटार कालव्यावरच्या एका गोऱ्या साहेबाची. तात्या त्याच्याकडे ती चालवायला होते. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा मोटार तात्यांकडे ठेवून गेला आणि मोटारीबरोबर आपल्या सगळ्या सवयीही ठेवून गेला. तात्या ती इंदापूर ते बारामती भाड्यानं फिरवायचे. आगगाडी धरायची असली, दवाखान्यात जायचं असलं, नवरदेव न्यायचा असला की माणसं तात्यांकडे यायची. काळी कुळकुळीत मोटार, वर कापडी टप, बाजूला पितळी भोंगा. थंडीच्या दिवसांत साहेब रात्री इंजिनातलं पाणी सोडून द्यायचा, नाहीतर ते गोठून लोखंड फुटेल म्हणून. इंदापुरात पाणी कुठून गोठायला! पण तात्या रोज संध्याकाळी चावी फिरवून पाणी सोडायचे आणि सकाळी बंबातलं कोमट पाणी परत भरायचे. काकू एकदा म्हणाल्या, "आवं, हितं कुठं बरफ पडतंय?" तर तात्या ओरडले, "पडला तर तू झेलनार हायस का?"

धुणं व्हायचं उजाडल्यावर. पौषातली थंडी, तोंडातून वाफ निघायची, आणि तात्या गुडघ्यावर धोतर खोचून, अंगात नुसती बंडी घालून उभे. कोरडं फडकं मोटारीला लावायचं नाही, हा पहिला नियम. आधी तांब्यानं पाणी सोडून सोडून चिखल भिजवायचा, तो आपोआप खाली उतरला पाहिजे. चिखल घासला की तो रंग खातो, असं ते म्हणत. दोरीवर फडकी वाळत असत, चाकांचं निराळं, अंगाचं निराळं आणि मेणाचं फ्लॅनेल निराळं. चाकं सगळ्यांत शेवटी. धुऊन, पुसून मोटार उन्हात उभी करायची, आणि उन्हानं तिचं अंग तापलं की मग मेण.

साहेबानं दिलेला पॉलिशचा डबा केव्हाच संपला होता. तात्या स्वतः मेण करायचे. पोळ्याचं मेण गरम पाण्यात भांडं धरून पातळ करायचं, त्यात टर्पेंटाइन घालायचं. टर्पेंटाइन बारामतीच्या पेठेतल्या उस्मानभाईंच्या दुकानातून यायचं. त्याचा वास भिंतीवरून आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि सासूबाई नाकाला पदर लावायच्या. थंडीत ते मेण डबीत घट्ट बसायचं, म्हणून तात्या सकाळी उठल्या उठल्या डबी बंडीच्या आत, काखेत धरून ठेवायचे. मोटार धुऊन होईपर्यंत मेण अंगाच्या उबेनं मऊ झालेलं असायचं. एक हात सदा अंगाशी आवळलेला, त्यामुळे परका माणूस विचारायचा, तुमच्या हाताला काय झालंय? तात्यांचे पंजे भेगाळून लाल व्हायचे. त्यातलं बोटभर मेण त्यांनी कधी स्वतःच्या हाताला लावलं नाही.

मग ती मोटार अशी दिसायची की वाटेनं जाणाऱ्या बाया तिच्या चकचकीत दारात तोंड बघून कुंकू सारखं करायच्या. आमच्या घरी वितीएवढा आरसा. नऊवारीत मी पायापासून डोक्यापर्यंत कशी दिसते, हे मला पहिल्यांदा तात्यांच्या मोटारीनं सांगितलं. तात्या खेकसले, "बघून झालं आसंल तर सरका. तुमचा श्वास लागतोय तिला."

एका दिवाळीला काकूंनी एक पराक्रम केला. नरकचतुर्दशीला घरातल्या प्रत्येकाला पहाटे तेल-उटणं लावून कढत पाण्यानं आंघोळ घालतात. काकूंच्या मनात आलं, आपल्या घरात आणखी कोण आहे आंघोळ घालायला? मोटारच. तात्या न्हाणीत होते तेवढ्यात काकूंनी छपराखाली जाऊन मोटारीच्या नाकाला खोबरेल तेल लावलं, उटणं चोळलं, कुंकवाचं बोट लावलं आणि बंबातलं कढत पाणी घागरीनं वरून सोडलं. पहाटेच्या गारठ्यानं थंड पडलेली समोरची काच ताडकन तडकली. तो आवाज आम्ही ऐकला आणि त्यानंतर तात्यांचा. ते ओल्या अंगानं पंचा गुंडाळून बाहेर आले. काचेला एका कोपऱ्यातून तिरपी चीर, उटण्यानं रंगावर ओरखडे, आणि काकू हातात निरांजन घेऊन उभ्या.

"तिला आंगूळ घालतीस? तिला थंडी वाजत व्हती का? बोलली का ती तुला?"

काकूही काही कमी नव्हत्या. म्हणाल्या, "मला तरी कोन कवा इचारतंय? पर आंगूळ करतीच की मी."

त्यांनी ओवाळायचं राहिलं होतं ते ओवाळून घेतलं आणि आत गेल्या. तात्यांनी ती काच कधी बदलली नाही. विचारलं तर म्हणायचे, बायकोनं दिवाळी केली.

तात्यांचं एक वाक्य सगळ्या तालुक्याला पाठ होतं. "पाय पुसा." मोटारीच्या पायरीवर दुमडलेलं गोणपाट असे. त्यावर पाय पुसल्याशिवाय आत पाऊल नाही. नवरदेव असो, कीर्तनकार असो. एकदा मामलेदारसाहेब उसाच्या रानातून बूट भरून आले आणि सरळ आत चढायला लागले. तात्यांनी दार धरलं.

"सायेब, पाय पुसा."

"मला ओळखतोस का तू?"

"तुमाला वळखतो. चिखलालाबी वळखतो. पुसा."

साहेबांनी पुसले. हे वाक्य मग इतकं फिरलं की पोरं खेळातसुद्धा म्हणायची, चिखलाला वळखतो! मामंजींना ते आवडायचं. ओट्यावर बसून ते लोकांना ही गोष्ट रंगवून सांगायचे. आमचा तात्या कुणाला भीत नाही, म्हणायचे. पुढं त्याच ओट्यावर काय झालं ते आठवलं की मला त्यांच्या त्या हसण्याचाही राग येतो.

एका पौषात तात्या निरवांगीला कुणाला तरी सोडून परत येत होते. दिवस मावळतीला आला होता. निरवांगीच्या वेशीबाहेर रस्त्यावर माणसं एका बाजेवर बाई घालून पळत निघाली होती. बाईचं नाव सरू. सासर निरवांगीचं, माहेर इंदापूरच्या महारवाड्यातलं. तेव्हा त्या वस्तीला हाच शब्द होता. तिची आई धोंडाबाई आमच्या गल्लीत सरपणाच्या मोळ्या विकायची. मोळी कुंपणाबाहेर टाकायची आणि लांब उभी राहायची, आत यायची सोय नव्हती. सरूचं पहिलं बाळंतपण, मूल अडलेलं, आणि रक्त थांबत नव्हतं. बाज घेऊन ती माणसं चालत कुठवर जाणार होती, देव जाणे.

तात्यांनी मोटार थांबवली. सरूनंच पुढं सांगितलं ते काय ओरडले ते. नवऱ्यानं तिला उचलून आत घेताना चिखलाचा पाय पायरीवर ठेवला, तर म्हणाले, "पाय पूस!" आणि मग लगेच, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, मर, चढ आत!" आणि मोटार अशी हाणली की बारामतीच्या दवाखान्याच्या दारात जाईपर्यंत टपाचं कापड फाटलं. सरू वाचली. मूल वाटेतच गेलं होतं. मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या परत आले. दोन्ही बाजू चिखलानं माखलेल्या, मागची गादी काळपट लाल. तोंडावर रात्रभराचं जागरण. परसात मोटार लावली, अंगरखा काढला, बादली घेतली. एवढ्यात आमच्या घरून मामंजी आणि गल्लीतली चार मोठी माणसं परसाच्या फाटकाशी आली. एकाच्या हातात गोमूत्राची चरवी. मी भिंतीशीच होते.

मामंजी गोड आवाजात म्हणाले, "तात्या, झालं ते झालं. येळच तशी व्हती. आता धुनारच हायस, तर हे आधी शिंपड. भटजींना सांगितलंय. गल्लीला जेवन घाल, इटाळ फिटला. कुनी काय बोलनार न्हाय."

तात्या बादली धरून उभे राहिले.

"कशाचा इटाळ?"

"आता ते मी सांगू व्हय?"

"सांगा की. चिखल हाय, तो धुतो. रगत हाय, ते धुतो. आजून काय लागलंय तिला?"

"मानसं कोन व्हती, तात्या."

"आबा, दौंडच्या गाडीत बसता तवा शेजारी कोन बसतंय? त्यो डबा कोन धुतं?"

"ती सरकारची हाय."

"आन् ही माझी हाय."

एवढं बोलून त्यांनी बादली उचलली आणि सगळं पाणी फाटकाच्या दिशेनं जमिनीवर फेकलं. चरवीवाला मागं उडाला. तात्या ओरडले ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. "आता हिच्यावर थेंब घालनार न्हाय! धुतली की तुमी म्हननार, तात्यानं इटाळ काढला. न्हाईच धूत! बघतो कोन काय करतंय!"

मला त्या वेळी इतका आनंद झाला की हातातली गोवरी मोडली. कुणीतरी मामंजींना बोललं. माझं वय लहान होतं, आणि मला वाटलं, संपलं, जिंकले तात्या.

गल्लीनं काहीच केलं नाही, आणि तेच फार भारी पडलं. तात्यांच्या मोटारीत कुणी बसेना. उस्मानभाई तेवढे माल घेऊन इंदापुरात आले की मुद्दाम तात्यांच्याच मोटारीतून परत जायचे. मग गल्लीच्या विहिरीवर बाया काकूंना म्हणाल्या, जरा थांबा, आमचं होऊ दे. काकू थांबल्या. बायांचं कधी होतच नाही असं झालं. काकू घागर घेऊन लांब कालव्यावर जायला लागल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही, सगळे अगदी शहाण्यासारखे वागले. आमच्या घरात मामंजी जेवताना म्हणायचे, "धुवंल, धुवंल. तात्याला मोटार घान दिसली की झोप येत न्हाय." आणि भुरका मारायचे. त्या भुरक्याचा आवाज मला अजून ऐकू येतो आणि अजून संताप येतो.

त्यांचं खोटंही नव्हतं. तात्यांना झोप येत नव्हती. उजाडलं की ते सवयीनं परसात यायचे, काखेत मेणाची डबी. मोटारीसमोर उभे राहायचे. चिखल वाळून भेगाळला होता, पितळी भोंग्यावर हिरवा थर चढला होता, रंगाची चमक मेली होती. मेण अंगाच्या उबेनं मऊ व्हायचं आणि तात्या हात न लावता परत आत जायचे. मागच्या गादीवर त्यांनी घोंगडं टाकलं होतं. वाऱ्यानं ते सरकायचं. गल्लीतली पोरं कुंपणातून डोकावून बघायची आणि एकमेकांना दाखवायची.

काकूंचा एकदा स्फोट झाला. कालव्यावरून आल्या होत्या, खांद्याला वळ उठला होता. घागर आपटून म्हणाल्या, "राग तुमचा, आन् पानी मी वाहती. तुमी नुसतं हुबं ऱ्हायचं आन् मोटार धुवायची न्हाय. त्यात काय कष्ट हायत का?"

"मग घालू गोमूत्र?"

"मी तसं म्हनले का? ते माझ्या तोंडी घालू नका."

तात्यांचीच बाजू बरोबर आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

सरू बारामतीच्या दवाखान्यातून माहेरी आली होती. हिंडू-फिरू लागल्यावर एका सकाळी ती आईबरोबर तात्यांच्या परसाच्या कुंपणाशी आली. मी गोवऱ्या घ्यायला गेले होते. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं. माझ्याच वयाची. रंग उडालेला, डोळे खोल गेलेले, पण मान ताठ. धोंडाबाई मागून पदर ओढत होती, "चल, चल," म्हणत होती. सरू हलेना.

"तात्या, मोटार का धूत न्हाय?"

तात्यांच्या चेहऱ्यावर तर समाधानच आलं. कुणीतरी विचारायला आलं होतं.

"तुझ्यासाठीच गं पोरी! ह्यास्नी वाटतंय तुमच्या अंगाचं कायतरी लागलंय हिला. म्या सांगितलं, जीव गेला तरी धूत न्हाय!"

"मला इचारलं का?"

आईच्या हातातला पदर तिनं सोडवून घेतला.

"बाजारात जाती तर मानसं बोट दावत्यात. ती बघा, हिचं रगत हाय तात्याच्या मोटारीत. पोरं बघाया येत्यात. तितं माझी लेक गेली, तात्या. तुमी ती जागा ठिवून दिलीया. माझ्यावर उपकार केला, ते मी जलमभर इसरनार न्हाय. पर तुमचं आन् आबांचं भांडान हाय, त्यात माझं रगत कशाला वाळत घातलंय?"

असं तात्यांशी कुणी बोललं नव्हतं. मामलेदारसुद्धा नाही. मला वाटलं, आता आकाश कोसळेल. पण तात्यांनी मोटारीकडे एकदा बघितलं, घोंगड्याकडे बघितलं आणि जवळच्या ओंडक्यावर बसले.

"धुवा ती," सरू म्हणाली.

"कशानं धू?" तात्या हळू बोलले. "हिरीवर हिला चढू देत न्हाईत. कालव्याच्या पान्यानं धुतली तरी म्हननार, आलं ताळ्यावर."

"आमची हीर हाय की."

आता पुढचंही मी लिहितेच, कारण ते खरं आहे. त्या बाईला त्यांनी मोटारीत घातलं होतं, तिच्यासाठी सगळ्या गल्लीशी वैर घेतलं होतं, पण तिच्या विहिरीचं पाणी म्हटल्याबरोबर त्यांची मान खाली गेली. लहानपणापासून अंगात भिनलेलं कुठंतरी आडवं आलं. मला ते दिसलं आणि सरूलाही दिसलं.

"का?" ती म्हणाली. "चिखलाला वळखता म्हनं तुमी. पान्याला न्हाय वळखत?"

तात्या उठले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पहिल्यांदा ते दुसऱ्या कुणावर नाही, स्वतःवर चिडलेले मी पाहिले. छपरातून त्यांनी बादल्या काढल्या. सरू घागर घ्यायला वाकली तर तिच्यावर ओरडले, "तू वझं उचलायचं न्हाय! मी येतो." आणि निघाले. काकू दारातून सगळं ऐकत होत्या. त्यांनी घागर कमरेवर घेतली.

"तू कुठं?"

"मलाबी पानी लागतंय की. कालव्यापरीस जवळ तरी हाय."

भर सकाळी, गल्ली ओट्यावर उन्हाला बसलेली असताना, तात्या आणि काकू महारवाड्याच्या विहिरीचं पाणी घेऊन गल्लीतून आले. पाणी हिंदकळत होतं, तात्यांचं धोतर भिजत होतं. मामंजी उभे राहिले, मला आत जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. पुढचं दार त्यांनी लावलं, परसाचं माझ्यासाठी उघडंच होतं.

त्या दिवशी तात्यांनी सगळी रीत मोडली. घोंगडं काढल्यावर सरू म्हणाली, "ही गादी मी धुनार." तात्या तिथं कुणाला बोट लावू देत नसत, काकूंनासुद्धा. त्यांनी दोरीवरून फडकं काढलं, अंगाचं, चाकांचं नव्हे, आणि तिच्या हातात दिलं. मग तिच्याकडे पाठ करून ते चाकांशी जाऊन बसले. चाकं ते कधीही आधी धूत नसत. सरूनं तांब्यानं पाणी सोडून सोडून गादी भिजवली, घाई केली नाही. धोंडाबाई कुंपणाच्या आत येऊन बसली होती आणि हुंदका दाबत होती. लाल पाणी परसातल्या मातीत उतरत गेलं. तात्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं. थंडी होतीच, पण ते रडत होते. मी बघितलं आहे, मला कुणी शिकवू नये.

ऊन वर आल्यावर मोटार उघड्यावर घेतली. काखेतून डबी निघाली. तात्यांनी इतके दिवस न लावलेलं सगळं मेण त्या दिवशी लावलं. दुपार कलली तरी फ्लॅनेल फिरतच होतं. संध्याकाळी मोटार अशी दिसत होती की आमच्या सासूबाईसुद्धा नाकाचा पदर काढून भिंतीपाशी येऊन गेल्या.

गल्लीला आता काय म्हणावं ते कळेना. मोटार धुतली, हे तर दिसत होतं. पण ती ज्या पाण्यानं धुतली त्यानं विटाळ गेला की दुप्पट झाला, यावर आमच्या ओट्यावर बैठका झाल्या. मामंजी चिडचिडे झाले. "धुवंल" म्हणून भुरका मारणारा माणूस, त्याचं खरं झालं होतं आणि तोंडात घास फिरत होता. मी वाढताना खाली बघून हसायची. मला तेवढंच करता येत होतं.

पाणी मात्र गल्लीनं शेवटपर्यंत दिलं नाही. उस्मानभाईंनी बारामतीत स्टेशनाजवळ आपल्या वखारीमागची जागा दिली आणि तात्यांनी इंदापूर सोडायचं ठरवलं.

निघाले ती सकाळही थंडीचीच. मामंजींना नेमकं त्या दिवशी बारामतीला जायचं होतं. हातात पिशवी घेऊन ते दिवसातून एकदा येणाऱ्या सर्व्हिस मोटारीची वाट बघत ओट्यावर उभे होते. मी मागं उंबऱ्यात. तात्यांनी मागं वळकट्या आणि डबे लादले, काकूंना पुढं बसवलं. सामान लादताना परसातला चिखल तुडवून तुडवून त्यांचे पाय घोट्यापर्यंत भरले होते. मोटार आमच्या दारापाशी आल्यावर त्यांनी थांबवली. चिरलेल्या काचेतून मामंजींकडे बघितलं.

"आबा, येता का? बारामतीला सोडतो. पाय पुसले की झालं."

मामंजींनी तोंड दुसरीकडे केलं. इतक्या वर्षांची गोष्ट, माणूस कधीच गेला, पण ते फिरवलेलं तोंड मला अजून सरळ करावंसं वाटतं.

गल्लीच्या तोंडाशी सरू उभी होती, हातात गाठोडं. नवऱ्याकडे निरवांगीला निघाली होती, आणि तात्यांनीच तिला थांबायला सांगितलं असावं. मोटार तिच्यापाशी थांबली. दार उघडून तात्यांनी नेहमीसारखा आवाज लावला.

"बस. पाय पूस आधी."

सरूनं पायरीवरच्या गोणपाटाकडे बघितलं. मग चालवायच्या जागेवर बसलेल्या तात्यांच्या पायांकडे बघितलं.

"तुमी पुसले का?"

काकू मोठ्यांदा हसल्या. तात्यांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं. मोटार चालू ठेवून ते उतरले, पलीकडून वळसा घालून आले, आणि सगळ्या गल्लीदेखत त्या गोणपाटावर आधी एक पाय, मग दुसरा, टाचा, बोटांच्या मधल्या फटी, सगळं नीट पुसलं. सरू गाठोडं धरून त्यांचं होईपर्यंत थांबली. मग तिनं आपले पाय पुसले आणि मागच्या गादीवर जाऊन बसली.